इयर १२ च्या मुलांना युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये वर्क एक्स्पिरियन्स कसा मिळवायचा? यूकेतल्या पालकांनो, मदत करा

पूर्वा_स्लाऊ – ९ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही स्लाऊला राहतो. लेक इयर १२ मध्ये आहे, म्हणजे आपली अकरावी. बायो, केमिस्ट्री आणि मॅथ्स घेतलंय. शाळा स्टेट स्कूल, म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी नाही. इथे पब्लिक स्कूल म्हणजे उलट महागडी खासगी शाळा, हे मला इथे आल्यावर पहिलं वर्षभर कळलंच नव्हतं, पण ते असो.

तर शाळेने सांगितलंय की उन्हाळ्यात एक आठवडा वर्क एक्स्पिरियन्स करायचा आणि जागा ज्याची त्याने शोधायची. लेकीला युनिव्हर्सिटीच्या रिसर्च लॅबमध्ये जायचंय. करिअर्स बघणारे सर बिचारे जिऑग्राफीपण शिकवतात, त्यांनी सुचवलं काय तर डेंटिस्टचं रिसेप्शन. तिच्या मैत्रिणीचा भाऊ फी भरायच्या शाळेत आहे, त्याला म्हणे शाळेतूनच एका फोनवर जागा मिळाली, प्रोफेसर त्या शाळेचे माजी विद्यार्थी. आमच्या ओळखीत आयटीवाले पन्नास आहेत, प्रोफेसर एकही नाही. कुठून सुरुवात करायची? ईमेल करायच्या का? कोणाला?

---

चहाबाज – ९ नोव्हेंबर

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा सगळा ओळखीचा खेळ आहे. आपल्याकडे वशिला म्हणतात, इथे नेटवर्किंग म्हणतात, एवढाच फरक.

आणि एक सावध करून ठेवतो. गूगलवर शोधलंत की पहिल्या पानावर "नामांकित युनिव्हर्सिटीच्या मेंटरबरोबर रिसर्च करा" अशा जाहिराती येतील. आम्ही थोरल्याच्या वेळी त्यात चार आकडी पौंड घातले. निघालं काय तर सुट्टीत भाड्याने घेतलेली कॉलेजची खोली, एक पीएचडी करणारा पोरगा, पंधरा मुलं आणि पॉवरपॉइंट. शेवटी सर्टिफिकेट मात्र झकास, जाड कागदावर. अजून फायलीत आहे, कोणी विचारलं नाही.

---

फळा_आणि_खडू – १० नोव्हेंबर

मी इथल्या एका स्टेट स्कूलमध्ये फिजिक्स शिकवतो, सिक्स्थ फॉर्म म्हणजे इयर १२-१३ माझ्याकडेच असतो, त्यामुळे जरा लांब लिहितो.

चहाबाज, ओळखीचा खेळ आहे हे खरं, पण तो मोडायला म्हणूनच काही स्कीम्स आहेत आणि त्या फुकट आहेत. नफील्ड रिसर्च प्लेसमेंट्स, ही सध्या स्टेम लर्निंग चालवते. इयर १२ च्या मुलांसाठी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, युनिव्हर्सिटीत नाहीतर कंपनीत खऱ्या प्रोजेक्टवर काम, प्रवासखर्च ते देतात, शेवटी रिपोर्ट आणि पोस्टर करावं लागतं. दुसरी इन-टू-सायन्स, हीपण उन्हाळ्यातली, मूल एखाद्या संशोधकाच्या हाताखाली जातं. शिवाय सटन ट्रस्टच्या समर स्कूल्स आहेत १९९७ पासून आणि ऑक्सफर्डची युनिक, पण ते राहून शिकणं जास्त, लॅबमधलं काम कमी.

मात्र नीट वाचा: नफील्ड आणि इन-टू-सायन्स सरसकट सगळ्या स्टेट स्कूलवाल्यांसाठी नाहीत. घरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या खाली, फ्री स्कूल मील्स, मूल केअरमध्ये, म्हणजे आईवडिलांऐवजी सरकारी देखरेखीखाली वाढलेलं, घरातलं पहिलंच युनिव्हर्सिटीत जाणारं, असे निकष असतात आणि ते दरवर्षी साइटवर जाऊन बघावे लागतात. अर्ज बहुतेक हिवाळ्यात नाहीतर वसंतात बंद होतात. मुलं जूनमध्ये विचारायला येतात तेव्हा मला कपाळावर हात मारावासा वाटतो.

यात न बसणाऱ्यांसाठी ऑक्सफर्डशायरमध्ये हारवेलला रदरफर्ड ॲपलटन लॅबोरेटरी आहे, त्यांची वर्क एक्स्पिरियन्सची रीतसर योजना असते. शेजारीच डायमंड, ते ५६२ मीटर घेराचं सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन फिरवून प्रखर क्ष-किरण काढणारं यंत्र. केंब्रिजजवळचं जनुकांवर काम करणारं सँगर इन्स्टिट्यूट, लंडनची जीववैद्यकीय संशोधन संस्था क्रिक, यांच्याही पानांवर नजर ठेवा, क्रिकचा ओढा मात्र आसपासच्या बरोंमधल्या (लंडनच्या पालिका विभागांमधल्या) मुलांकडे असतो.

अवांतर: शाळेतच रिसर्च आणायचीही सोय आहे. रॉयल सोसायटी शाळांना ३,००० पौंडांपर्यंत पार्टनरशिप ग्रँट देते, अट एवढीच की जोडीला खरा संशोधक किंवा इंजिनीअर पाहिजे. आणि लंडनच्या यूसीएल युनिव्हर्सिटीचा ऑर्बिट्स कार्यक्रम बघा. पीएचडीवाले शाळेत येतात, मुलं त्यांच्याबरोबर खराखुरा डेटा तपासतात. टायटॅनियम ऑक्साइडच्या वर्णपटावरचा २०१७ चा एक पेपर आहे, परग्रहांच्या वातावरणात तो रेणू शोधायला लागणारी आकडेमोड, त्याच्या लेखकांत शाळेतली मुलं आहेत. सतरा वर्षांची.

---

पेठेतला_पाहुणा – १० नोव्हेंबर

अवांतराला अवांतर. नफील्ड म्हणजे लॉर्ड नफील्ड, मूळ नाव विल्यम मॉरिस, ऑक्सफर्डमध्ये सायकली दुरुस्त करता करता मोटारी बनवायला लागलेला माणूस. त्याच्याच कंपनीच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आपली अँबॅसडर आली. म्हणजे आपल्या सगळ्या आमदार-खासदारांनी आयुष्यभर ज्या गाडीतून धूळ उडवली त्या घराण्याच्या पैशातून ही नफील्ड फाउंडेशन १९४३ साली निघाली. चालू द्या.

---

चहाबाज – १० नोव्हेंबर

सर, माहिती भारी. पण ताई, उत्पन्नाचं एवढं मनावर घेऊ नका. फॉर्मवर एकाचाच पगार दाखवायचा, दुसरा सध्या कॉन्ट्रॅक्टच्या मधे आहे म्हणायचं. कोण बघतंय. शाळा स्टेट आहे ना, मग झालं की.

---

अलिबागची_वैनी – ११ नोव्हेंबर

चहाबाज भाऊ, मी बघतेय.

मी केअर होममध्ये कामाला आहे, बहुतेक रात्रपाळ्या, मिस्टर वेअरहाउसला. आमचा मोठा नफील्डमधून गेला दोन वर्षांपूर्वी. त्याच्या वर्गातल्या आणखी एका मुलीने अर्ज केलेला, तीसुद्धा सगळ्या निकषांत बसत होती, तिला जागा मिळाली नाही कारण आमच्या भागात तेवढे प्रोजेक्टच नव्हते. तुमच्या "कोण बघतंय"मध्ये अशी एक मुलगी बाहेर राहते. तुम्ही चांगल्या मनाने सुचवलं असेल, पण तुमच्या पोराला दुसरा रस्ता सापडेल, तिला कोण सापडवून देणार होतं?

पूर्वाताई, तुमच्यावर नाही हो हे. तुम्ही विचारलंत ते बरोबरच केलंत. आमच्या पोराचा अनुभव सांगते. त्याला नदीच्या पाण्यातल्या प्रदूषणाचा प्रोजेक्ट मिळाला. पहिल्या दिवशी घरी आला, मी म्हटलं काय केलंस, तर म्हणे श्रिम्प मोजले. मायक्रोस्कोपखाली, नदीतले, बोटाच्या पेराएवढेसुद्धा नाहीत. मी म्हटलं अरे मग तो जवळाच की, आणलास का थोडा? दोन दिवस बोलला नाही माझ्याशी!

नंतर त्याने नीट समजावलं. झाडाच्या पानाच्या गोल चकत्या पाडायच्या, वाळवून वजन करायचं, मग वेगवेगळ्या पाण्यात हा जवळा आणि त्या चकत्या ठेवायच्या आणि काही दिवसांनी चकत्या परत वाळवून वजन करायचं. पाणी घाण असेल तर जवळा कमी खातो. म्हणजे मरायच्या आधीच कळतं की पाण्यात काहीतरी बिघडलंय. मला हे एवढं आवडलं ना. आमच्याकडे खाडीवर कंपन्या आल्यावर मासे कमी झाले हे सगळ्या कोळणी सांगायच्या, पण वजन करून कोणी दाखवलं नव्हतं.

त्याचा बसचा पास त्यांनी दिला. तो नसता दिला तर तो गेला नसता, कारण सुट्टीत तो दुकानात काम करायचा आणि त्या पगारावर त्याच्या फोनचं बिल होतं. हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहिलं.

---

चहाबाज – ११ नोव्हेंबर

वैनी, शब्द मागे घेतो. मनापासून.

---

पिपेटवाला – १३ नोव्हेंबर

उशिरा आलो धाग्यावर. मी इंग्लंडच्या उत्तरेला एका युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक, आहे, मूळचा साताऱ्याचा. ज्या ईमेल तुम्ही पाठवता त्या शेवटी माझ्यासारख्याच्या इनबॉक्समध्ये येऊन पडतात म्हणून पलीकडची बाजू सांगतो.

पहिली गोष्ट, प्रोफेसरला लिहिलं तरी मुलाला सांभाळणार प्रोफेसर नाही. तो ईमेल पुढे ढकलतो, "कोणाला जमेल का?" एवढंच वर लिहून. सांभाळतो पीएचडीवाला किंवा पोस्टडॉक आणि त्याचा अर्धा आठवडा त्यात जातो. त्यामुळे "नाही" आलं तर ते तुमच्या मुलीला नाही, त्या आठवड्याला असतं. काही युनिव्हर्सिटींचं धोरणच असतं की सुट्या ईमेलवर कोणाला घ्यायचं नाही, फक्त मध्यवर्ती स्कीममधून. तिथे कितीही छान लिहा, उपयोग नाही. आधी डिपार्टमेंटच्या वेबसाइटवर तपासा.

दुसरी, अठराच्या आतलं मूल लॅबमध्ये येणार म्हटलं की कागद सुरू होतात. त्या वयासाठी वेगळं रिस्क असेसमेंट, विमा, शाळेचा फॉर्म, एकट्या माणसाबरोबर बंद खोलीत ठेवायचं नाही वगैरे. किरणोत्सारी पदार्थ, जबर ताकदीचे लेसर, धोकादायक जंतूंच्या लॅब, इथे तर प्रवेश नाहीच. याला सहज सहा-आठ आठवडे लागतात. मे महिन्यात "जूनमध्ये येऊ का" विचारलं तर माझी इच्छा असूनही जमत नाही. आत्ता नोव्हेंबर आहे, तुम्ही अगदी वेळेत आहात. ड्राय लॅब म्हणजे नुसत्या कॉम्प्युटरवर काम करणारे ग्रुप, तिथे कागद कमी, त्यामुळे होकार जास्त. लेकीला थोडं पायथन येत असेल तर ते लिहा.

तिसरी, ईमेल. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठांत "लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे" असतं. असेल बाबा. आवड सगळ्यांनाच असते. मला हे बघायचं असतं की आमच्या ग्रुपचं पान उघडून दहा मिनिटं वाचलंय का. "तुम्ही मुळांवर काम करता, आम्ही शाळेत ऑस्मोसिस बटाट्यावर केलं, मग मूळ खारट मातीत काय करतं?" असा एक प्रश्न, चुकीचा असला तरी चालेल. आठ-दहा ओळी, तारखा, शाळेचं नाव, कुठून येणार ते. तीन पानी सीव्ही नको, सोळा वर्षांच्या मुलाचा तीन पानी सीव्ही बघून मला भीतीच वाटते.

आणि कृपा करून ईमेल आईने लिहू नये. दुसऱ्या ओळीत कळतं. आया "काइंडली डू द नीडफुल" लिहितात.

शेवटचं, शुक्रवारी दुपारी पाठवू नका. शुक्रवारची ईमेल सोमवारी सकाळच्या ढिगाखाली जाते आणि तिथेच मरते. मंगळवार सकाळ.

---

पूर्वा_स्लाऊ – १३ नोव्हेंबर

"काइंडली डू द नीडफुल" वाचून लेक खुर्चीवरून पडायची बाकी होती, कारण मी मसुदा खरंच लिहून ठेवला होता आणि त्यात ते होतं. डिलीट केला.

वैनी, खूप छान लिहिलंत. आम्ही दोघंही कमावतो, त्या निकषांत बसत नाही, तेव्हा ते अर्ज करणार नाही. ईमेलचाच रस्ता धरतो. पिपेटवाले दादा, एक शंका, तिला पुढे बायोकेमिस्ट्री करायचंय, हा अनुभव नसेल तर ॲडमिशनला अडतं का?

---

फळा_आणि_खडू – १४ नोव्हेंबर

मी उत्तर देतो, कारण हा प्रश्न मला दर पालकसभेला येतो. नाही अडत. सायन्सच्या डिग्रीला लॅब प्लेसमेंटची अट कोणी घालत नाही, ग्रेड लागतात. मेडिसिनवाल्यांना तर लॅबपेक्षा माणसांबरोबर केलेलं काम बघायचं असतं, वैनी करतात तसलं. युनिव्हर्सिटीच्या अर्जातलं पर्सनल स्टेटमेंट आता तीन प्रश्नांत विभागून लिहायचं असतं, एकूण अक्षरं तीच ४,०००, आणि तिथे "मी अमुक लॅबमध्ये गेलो" याला काही वजन नाही, तिथे काय बघून काय डोक्यात आलं त्याला असतं. ते घरी बसूनही होतं. घरबसल्या कोणालाही खऱ्या संशोधनाला हातभार लावता येईल अशी झूनिव्हर्स म्हणून साइट आहे, २००७ च्या गॅलेक्सी झूपासून सुरू झालेली. हॉलंडच्या एका शाळामास्तरणीने त्यात दीर्घिका बघता बघता एक विचित्र हिरवा ढग शोधला, आज तो तिच्या नावाने ओळखला जातो. एक पैसा खर्च नाही.

प्लेसमेंट मिळाली तर ते काम क्रेस्ट अवॉर्डला, म्हणजे शाळकरी मुलांच्या विज्ञान प्रोजेक्टच्या पुरस्काराला, लावता येतं, गोल्डला ७० तास लागतात. एका आठवड्यात ते भरत नाहीत, पण आधी-नंतरचं वाचन आणि लिखाण धरतात. नाहीतर ईपीक्यू करा, म्हणजे स्वतः निवडलेल्या विषयावरचा मोठा प्रोजेक्ट, अर्ध्या ए-लेव्हलच्या (इथल्या बारावीच्या एका विषयाच्या) तोलाचा असतो.

---

पेठेतला_पाहुणा – १४ नोव्हेंबर

ईमेलवरून आठवलं. ओळखपाळख नसताना मोठ्या माणसाला लिहिण्याचा मूळपुरुष म्हणजे मायकेल फॅरेडे. बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा पोरगा, शाळा जेमतेम. १८१२ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली, घरी येऊन सगळी नीट लिहून काढली, आकृत्यांसकट, स्वतः बाइंड केली आणि डेव्हीला पाठवून दिली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याला तिथे असिस्टंट म्हणून घेतलं. पिपेटवाल्यांच्या निकषात बसतं बघा: आवड-बिवड नाही, तुमचंच काम वाचलंय याचा पुरावा. फक्त अटॅचमेंट तीनशे पानांची होती.

---

मुक्तांगणी – १५ नोव्हेंबर

मी पुण्यातून. यूकेचं मला काही कळत नाही, पण आयुकाची, इथल्या खगोलशास्त्राच्या संस्थेची, आठवण आली म्हणून लिहितो. मी नववीत असताना आयुकाच्या उन्हाळी कार्यक्रमाला गेलो होतो. पुण्यातल्या शाळांमधून दोन-दोन तीन-तीन मुलं बोलवायचे, मराठी शाळांतूनसुद्धा, आणि आठवडाभर एकेका शास्त्रज्ञाकडे सोपवायचे. नारळीकर सर केंब्रिजला राहून आलेले, त्यांनी संस्थेत मुलांसाठी दार उघडं ठेवलं. सिलॅबस काही नाही. मला ज्यांच्याकडे दिलं ते पहिल्या दिवशी म्हणाले, या काठीची सावली दिवसभर मोज आणि संध्याकाळी मला सांग पुण्याचं अक्षांश काय. मी म्हटलं सर पुस्तकात आहे. ते म्हणाले पुस्तक आमच्याकडेपण आहे.

माझं उत्तर दोन-अडीच अंशांनी चुकलं होतं. आजही मला ते चुकीचं उत्तर पाठ आहे, बरोबरचं बघावं लागतं. आज मी बँकेत आहे, शास्त्रज्ञ वगैरे झालो नाही.

---

पूर्वा_स्लाऊ – २६ फेब्रुवारी

धागा वर काढतेय. अपडेट: लेकीने एकूण २३ ईमेल पाठवल्या, सगळ्या मंगळवारी सकाळी शाळेत जायच्या आधी. १६ जणांचं काहीच उत्तर नाही. चौघांचं "धोरणात बसत नाही". दोघांनी फार छान नकार दिला, त्यातल्या एका बाईंनी वाचायला दोन लेख पाठवले. आणि एक होकार! झाडांच्या जनुकांवर काम करणारा ग्रुप, लंडनमध्येच, जुलैचा पहिला आठवडा. होकार कोणाचा आला असेल, तर ज्या ईमेलमध्ये तिने कोथिंबीर लगेच फुलोऱ्यावर का येते हा प्रश्न विचारला होता. आमच्या बाल्कनीतली कोथिंबीर दर जूनमध्ये हातभर वाढून फुलं धरते, ते तिने लिहिलं होतं. मी म्हणत होते काढून टाक, बावळटपणा वाटेल.

आता फॉर्म भरतोय, शाळेने विम्याचं पत्र मागितलंय, युनिव्हर्सिटीने शाळेचं मागितलंय, दोघं एकमेकांची वाट बघतायत.

---

पिपेटवाला – २६ फेब्रुवारी

कोथिंबीर!! दिवस मोठा झाला की झाड फुलायला घेतं, त्यावर अख्ख्या लॅब चालतात. २३ ला १ म्हणजे उत्तम. मी नोकरीसाठी याहून जास्त पाठवल्या होत्या.

विम्याचं: दोघांनाही एकाच ईमेलमध्ये घ्या, सीसी नाही, दोघंही टू मध्ये. आणि बूट बंद हवेत, सँडल घालून आलेली मुलं पहिल्या दिवशी परत गेलेली मी बघितलीत. केस बांधायला रबर दोन.

---

पूर्वा_स्लाऊ – १२ जुलै

झाला आठवडा. मोठं लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

स्लाऊहून रोज एलिझाबेथ लाइनने जायची. १६-१७ वाल्यांचं रेल्वेचं सेव्हर कार्ड काढून ठेवा, तिकीट निम्म्यावर येतं, आम्हाला ते बुधवारी कळलं.

सोमवार पूर्ण इंडक्शनमध्ये गेला. आग लागली तर कुठून पळायचं, डोळ्यात काही उडालं तर कुठे धुवायचं, लॅबमध्ये पाण्याची बाटलीसुद्धा न्यायची नाही. संध्याकाळी चेहरा उतरलेला, म्हणे मी काहीच केलं नाही. मंगळवारी सकाळभर फक्त पाणी. पिपेटने पाणी उचलायचं आणि काट्यावर टाकायचं. १००० मायक्रोलिटर म्हणजे एक ग्रॅम भरलं पाहिजे. त्या पिपेटच्या दांड्याला म्हणे दोन खटके असतात, पहिल्या खटक्यापर्यंत दाबून पाणी ओढायचं आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचं. ती ओढतानाच दुसऱ्यापर्यंत दाबत होती, त्यामुळे दर वेळी जास्त. ते समजायला तिला तास लागला. घरी येऊन माझ्या हातात बॉलपेन देऊन खटके शिकवत होती.

बुधवारी रोपांची पानं. मोहरीच्या कुळातलं एक तण असतं, जगभर सगळे त्याच्यावरच प्रयोग करतात म्हणे. चोवीस रोपं, त्यातली कुठली बदललेल्या जनुकाची आणि कुठली साधी ते ओळखायचं. प्रत्येकाचं नखाएवढं पान कुटायचं, डीएनए काढायचा, मग पीसीआरच्या मशीनमध्ये, ते डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढतं. इथवर सगळं तिने स्वतः केलं, शेजारी पोस्टडॉक उभी.

गुरुवारी जेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जेल म्हणजे खरवसासारखी वडी, आगरचीच बहीण, तिच्यात एका कडेला बारीक खाचा असतात. त्या खाचांत निळा रंग घातलेला डीएनए सोडायचा आणि दोन टोकांना करंट लावायचा, डीएनए लाल तारेकडे पळतो. चोवीस खाचा भरायला तिला चाळीस मिनिटं लागली, हात थरथरतोय, श्वास धरलेला. भरून झालं, झाकण लावलं, स्विच दाबला, बुडबुडे आले, सगळं छान. पोस्टडॉक चहा आणायला गेली.

आणि ही बघत बसलेली, म्हणून वाचली. निळी रेघ पुढे जायच्या ऐवजी मागे चालली होती. खाचांच्या मागे जेमतेम सेंटीमीटरभर वडी असते, ती संपली की डीएनए पाण्यात. तारा उलट्या लावल्या होत्या. तिने स्विच बंद केला आणि कॉरिडॉरमधून पळत गेली, जे करायचं नाही असं सोमवारी सांगितलं होतं.

तारा फिरवल्या, पुन्हा चालवलं, तर चोवीसपैकी पंधरा दिसले, नऊ नुसते रिकामे. तिला वाटलं आता ओरडा बसणार. पोस्टडॉकने वही पुढे केली, म्हणाली लिही. काय लिहू? जे झालं ते. वहीत पेननेच लिहायचं असतं, पान फाडायचं नाही, खोडायचं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. मग तिने लिहिलं: तारा उलट, सहा मिनिटं. तारीख घातली. खाली पोस्टडॉकने सही केली आणि म्हणाली, मी पीएचडीत दोनदा केलंय हे.

आता माझं सांगते. मी मुंबईत बीएस्सी केमिस्ट्री केलंय. तीन वर्षं जर्नलं लिहिली. टायट्रेशनचं रीडिंग काय आलं पाहिजे ते आधी सीनियरकडून घ्यायचं, मग त्याच्या आसपासची तीन कुक करायची, एक दशांश वर, एक खाली, म्हणजे खरं वाटतं. आम्ही सगळेच करायचो, त्यात काही चुकीचं आहे असं मनातही यायचं नाही, जर्नल पूर्ण हवं आणि सही हवी. लेक हे जेलचं सांगत होती तेव्हा मी पटकन म्हटलं, अगं मग त्या नऊ रिकाम्यांचं अंदाजाने लिहून टाकायचं ना. ती माझ्याकडे अशी बघत राहिली. "आई, तेच तर शोधत होतो."

मी भांडी घासायला उठले.

शुक्रवारी ग्रुप मीटिंगमध्ये तिला पाच मिनिटं बोलायला लावलं. रिकाम्या नऊ खाचांचा फोटो दाखवलाच तिने. ज्यांनी होकार दिला ते प्रोफेसर तिला आठवड्यात एकदाच भेटले, लिफ्टमध्ये, कोथिंबीर कशी आहे विचारलं.

---

अलिबागची_वैनी – १२ जुलै

डोळ्यासमोर आलं सगळं. त्या निळ्या रेघेचं वाचताना मीपण श्वास धरला हो. आणि भांडी घासायला उठले हे एकदम आपलं.

आमचा मोठा आता सेकंड इयरला जाईल. यंदा त्याच्याच डिपार्टमेंटमध्ये नफील्डची दोन मुलं आलीत, त्यांना जवळा मोजायला हाच शिकवतोय. पगार नाही, पण जेवण देतात म्हणे.

---

चहाबाज – १३ जुलै

ताई मस्त. आमची धाकटी सप्टेंबरमध्ये इयर १२ ला जातेय. मी काही लिहिणार नाही, तिलाच हा धागा वाचायला दिलाय. मराठी वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवतोय, काइंडली-डू-द-नीडफुलला आई आणि ती दोघी हसल्या, मला त्यात काय चुकलंय ते अजून कळलेलं नाही.

---

पिपेटवाला – १३ जुलै

नऊ रिकाम्यांचं मूळ सांगू का, सहा मिनिटांत सगळे बाहेर पडत नाहीत. बहुतेक त्यातल्या काहींचा पीसीआरच झाला नसणार. लेकीला म्हणावं पोस्टडॉकला विचार, तिलाही तोच संशय असेल.

---

पूर्वा_स्लाऊ – १४ जुलै

विचारलं. पोस्टडॉकने त्याच नऊ रोपांची पानं पुन्हा घेतली, यावेळी सात दिसले. जेलचा फोटो पाठवलाय, लेकीने फ्रिजवर लावलाय, दूधवाल्या मॅग्नेटखाली.

---

नवखा_हॅरो – ३ नोव्हेंबर

धागा पूर्ण वाचला, खूप उपयोग झाला. आमचा मुलगा इयर १२, फिजिक्सवाला. पूर्वाताई, लेकीच्या ईमेलचा नमुना व्यनि (खासगी निरोप) कराल का? आज संध्याकाळीच पाठवायला बसवतो त्याला.

---

पूर्वा_स्लाऊ – ३ नोव्हेंबर

नमुना नाही पाठवत, तिने नको म्हटलंय, तेच वाक्य सगळीकडे गेलं तर कोथिंबिरीची किंमत जाईल म्हणते. त्याला म्हणावं त्याच्या घरात काय बिघडतं ते बघ. आणि आज सोमवार आहे, उद्या सकाळपर्यंत थांबा.